हप्ता कोणाच्या नावावर? सिन्नरच्या पूर्व भागातल्या एका नळयोजनेच्या कर्जाच्या नोंदी

१२ डिसेंबर २०२४

ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा समितीची बैठक झाली. जलजीवन मिशनमधून टाकी झाली, गल्लोगल्ली पाइप गेले, घरोघर तोट्या बसल्या. पाणी मात्र तीन दिवसांआड येतं. विहीर आटलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात खोदलेल्या पाझर तलावाखालची ही विहीर आज चांगली भरलेली आहे. घोडं अडलंय ते विजेच्या बिलावर. बिल थकलं की समिती पंप कमी चालवते, पंप कमी चालला की लोक म्हणतात पाणीच नाही तर पट्टी कशाची, आणि पट्टी आली नाही की पुढचं बिल थकतं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं, जिल्हा परिषदेकडच्या जिल्हा ग्रामविकास निधीतून ग्रामपंचायतीला कर्ज मिळू शकतं, त्यातून सौरपंप बसवता येईल. कर्जाचं नाव काढल्याबरोबर मागच्या बाजूची माणसं उठून चालू लागली. कोणी भांडलं नाही, कोणी काही विचारलं नाही, नुसती उठली. या गावात त्यामागे कारण आहे. ते आधी समजून घेतल्याशिवाय कागद करायला घ्यायचे नाहीत, असं सरपंचताईंचं म्हणणं पडलं आणि मला ते पटलं.

हिशोब आणि तांत्रिक बाजू माझ्याकडे दिली आहे. मी स्थापत्यची पदविका घेतलेला, नोकरी सातपूरला, सुटीला गावी असतो. या नोंदी गावातल्या कोणालाही आणि शेजारच्या गावांनाही वाचता याव्यात, म्हणून सोप्या लिहितो आहे.

२९ डिसेंबर २०२४

तात्यांच्या ओट्यावर बसलो. वय ऐंशीच्या पुढे, पण आकडे पक्के. गावात पूर्वी उपसा सिंचनाची सहकारी संस्था होती. नदीवरून पाणी उचलायचं, पाइपाने शिवारात आणायचं. संस्थेने कर्ज काढलं, तारण सभासदांच्या जमिनी. ज्याचे जितके एकर, तितका बोजा त्याच्या सातबाऱ्यावर.

पहिली दोन-तीन वर्षं ऊस उभा राहिला, असं तात्या म्हणाले. मग पंप जळाले, नदी उन्हाळ्यात आटू लागली, विजेचं बिल सभासदांच्या पट्टीपेक्षा मोठं झालं. पाइपलाइनच्या वरच्या अंगाला ज्यांची शेतं होती त्यांना पाणी मिळत राहिलं. खालच्यांना कधी मिळालं, कधी नाही. "पाणी वरच्यांना, हप्ता समद्यांना," तात्या म्हणाले. ज्यांच्या रानात एक थेंब पोचला नाही त्यांच्याही उताऱ्यावर बोजा राहिला. त्यामुळे पुढे सोसायटीचं पीककर्ज मिळेना, मुलीच्या लग्नाला तुकडा विकावा म्हटलं तर विकता येईना. तात्यांच्या भावाने बोजा उतरवण्यासाठी दोन बैल आणि बायकोची पोत मोडली.

हे आमच्याच गावचं नाही. नाशिक, सांगली, कोल्हापूर, सगळीकडे अशा संस्था निघाल्या. काही चांगल्या चालल्या, कितीतरी बंद पडल्या. शेतीला लांब मुदतीचं कर्ज देणाऱ्या भूविकास बँकेच्या ३४,७८८ कर्जदार शेतकऱ्यांचं ९६४ कोटी १५ लाख रुपयांचं कर्ज माफ करण्याची घोषणा २०२२ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात झाली. इतकी वर्षं ही कर्जं उताऱ्यांवर होती, यावरून ती किती लांबली ते कळतं. त्यात सिंचनाची कर्जं होती, इतरही होती.

तात्यांशी बोलताना माझ्या लक्षात आलं ते असं. लोक व्याजाला भीत नाहीत. व्याज त्यांनी दर खरिपात भरलं आहे. पाणी एकाला आणि देणं दुसऱ्याला, याची भीती आहे. आणि देणं सामाईक असताना तारण मात्र प्रत्येकाचं स्वतःचं, याची. म्हणून आपल्या कर्जाबाबत दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली पाहिजेत: हप्ता कोणाच्या नावावर, आणि पाणी शेवटच्या तोटीपर्यंत जातं का.

५ जानेवारी २०२५

पाण्याच्या कामाला सरकारी कर्ज म्हटलं की सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जातं. आज समितीपुढे ते सोडून दाखवलं.

पहिलं कर्ज असं की जे गावाला दिसतसुद्धा नाही. नाबार्डचा, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचा, ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी १९९५-९६ साली सुरू झाला, सुरुवातीचा निधी २,००० कोटींचा. ज्या बँकांनी शेतीला ठरलेल्या प्रमाणात कर्ज दिलं नाही, त्यांनी ती उरलेली रक्कम इथे ठेवायची आणि नाबार्डने ती राज्यांना कर्जाने द्यायची, अशी ती रचना. त्यातून बंधारे, रस्ते, पूल, पाण्याच्या योजना होतात. फेडतं राज्य सरकार, आपल्या अर्थसंकल्पातून. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्यात २००३ पासून गावांच्या पाणीपुरवठ्याचा जलस्वराज्य प्रकल्प चालला. अटल भूजल योजना ६,००० कोटींची, त्यातली निम्मी रक्कम जागतिक बँकेचं कर्ज. नाशिक जिल्हा त्या योजनेत आहे. यातलं काहीही गावाच्या वहीत देणं म्हणून लागत नाही. गावापर्यंत येताना ते अनुदान झालेलं असतं.

दुसरं, जलजीवन मिशन. ते कर्जच नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात, हे उद्दिष्ट. गावांतर्गत कामाच्या खर्चात गावाची लोकवर्गणी १० टक्के. डोंगरी, वनक्षेत्रातल्या आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना ५ टक्के. म्हणजे सुरगाणा-पेठच्या पाड्यांना ५, आपल्याला १०. पैसा येतो तो बांधायला. पुढे रोज चालवायचं, ते गावाने.

तिसरं, ज्याचा विषय आपल्यापुढे आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे जिल्हा ग्रामविकास निधी असतो. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का, म्हणजे शंभर रुपयांमागे पंचवीस पैसे, त्यात भरते. आपणही वर्षानुवर्षं भरत आलो आहोत. त्याच निधीतून ग्रामपंचायतींना कामासाठी कर्ज मिळतं. कर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने, परतफेड ग्रामनिधीतून. कोणाच्या सातबाऱ्याला हात लागत नाही.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचावं असं सरपंचताईंनी सांगितलं. वाचलं. एक अण्णा म्हणाले, ग्रामनिधी म्हणजे तरी आपलेच पैसे ना? हो, आपलेच. हप्ता चुकला तर दिवाबत्ती, गटार, अंगणवाडीची दुरुस्ती यांना कात्री लागेल. ते लपवायचं कारण नाही. पण एका माणसाची जमीन अडकणं आणि गावाचं एखादं काम लांबणं, यात फार मोठं अंतर आहे.

१९ जानेवारी २०२५

आज मोजमाप. उसना आणलेला मीटर आधी विहिरीवर लावला, मग तोच टाकीच्या तोंडाशी. पाच अश्वशक्तीचा पंप, उंची सगळी धरून साधारण साठ मीटर.

विहिरीतून निघतं ताशी १५,००० लिटर. टाकीत पडतं ताशी १२,०००. पाचातलं एक लिटर वाटेतच जिरतंय. ओढ्याखालून गेलेला पाइपाचा तुकडा जुना आहे, तिथे उन्हाळ्यातही हिरवळ असते हे सगळ्यांना माहीत होतं. म्हशी तिथेच चरतात.

याचा हिशोब असा. गावात ३६० घरं, सुमारे १,८०० माणसं. माणशी ५५ लिटर धरले तर रोज ९९,००० लिटर, म्हणजे लाखभर. गळतीसकट एवढं पाणी टाकीत चढवायला पंप आठ तासांच्या वर चालतो, रोज ३७ युनिटच्या आसपास. गळती थांबली तर पावणेसात तास, २९ युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट आठ रुपयांच्या घरात पडतं. म्हणजे रोज पाणी द्यायचं ठरवलं तर महिन्याचं बिल आज ८,९०० होईल, गळती काढल्यावर ७,०००.

याचा अर्थ कर्जाच्या आधी पाइप. सौरसंच विकणाऱ्याने साडेसात अश्वशक्तीचा संच सुचवला होता. तो गळतीलाही पाणी पाजण्यापुरता मोठा होता. गळती काढली तर पाचचा पुरतो, आणि मागायच्या रकमेतले दीड लाख कमी होतात. पाइपाच्या तुकड्याला १ लाख १० हजार लागतील. ते पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या, निधीतून करता येतात. आयोगाच्या एकूण अनुदानातला ३० टक्के भाग पिण्याच्या पाण्यासाठीच राखलेला असतो.

२६ जानेवारी २०२५

ग्रामसभा. झेंडावंदनानंतर लगेच घेतली म्हणून गर्दी टिकली. फळ्यावर हिशोब मांडला. तो इथे जसाच्या तसा लिहितो, कारण दुसऱ्या गावाला उपयोग होईल तर याचाच.

कर्ज न घेता, गळती काढून, रोज पाणी द्यायचं तर वर्षाचा खर्च: वीज ८४ हजार, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं मानधन ९६ हजार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती ४० हजार. बेरीज २ लाख २० हजार.

चार लाखांचं कर्ज घेऊन सौरसंच, मीटर आणि व्हॉल्व्ह बसवले तर: सूर्यावर वर्षभराच्या सरासरीने साठ टक्के वीज वाचेल असं धरलं, पावसाळा त्यात आला. वीज राहते ३४ हजार. मानधन आणि दुरुस्ती तेवढीच. मुद्दल दहा हप्त्यांत, वर्षाला ४० हजार. प्रस्तावात व्याज ५ टक्के धरलं, म्हणजे पहिल्या वर्षी २० हजार. बेरीज २ लाख ३० हजार.

पहिल्या वर्षी फरक दहा हजारांचा. मुद्दल कमी होत जातं तसं व्याज दरवर्षी दोन हजारांनी उतरतं. सहाव्या वर्षी दोन्ही बेरजा सारख्या होतात. त्यानंतर कर्जाची बाजू स्वस्त, आणि दहा वर्षांनी वर्षाचा खर्च १ लाख ७० हजारांवर येतो. यात विजेचा दर दहा वर्षं वाढणार नाही असं धरलं आहे. वाढला तर सौरसंच आणखी लवकर परवडतो. पॅनेल पंचवीस वर्षं टिकावीत अशी अपेक्षा असते. पंप आणि कंट्रोलर तितके टिकणार नाहीत, म्हणून दुरुस्तीच्या चाळीस हजारांतले दहा हजार दरवर्षी बाजूला ठेवायचे, असंही लिहून घेतलं.

पट्टी महिन्याला शंभर रुपये केली तर २ लाख ३० हजार जमायला १९२ घरांनी नियमित भरावं लागेल. सध्या भरतात दीडशेच्या आत. म्हणजे पन्नासेक घरं आणखी हवीत. एवढ्यावर सगळी योजना उभी आहे, हे मी सभेत स्पष्ट सांगितलं.

एक तरुण म्हणाला, पाणी सरकारने फुकट दिलं पाहिजे. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पाणी हक्काचं आहे. पण टाकीत ते चढवायला रोज वीज लागते आणि ती कोणीतरी भरतंच. आज ती भरली जात नाही आणि त्याची किंमत बाया मोजतात, तीन दिवसांचं पाणी पिंपात साठवून. साठवलेल्या पाण्यात डास होतात, तापाची साथ येते. त्या दवाखान्याच्या खर्चाचा आकडा फळ्यावर नव्हता, पण सभेतल्या प्रत्येक बाईला तो माहीत होता.

बायकांनी पट्टीच्या रकमेला विरोध केलाच नाही. त्यांचा आग्रह वेगळा होता. वर्षाचे बाराशे एकदम मागू नका, महिन्याला शंभर मागा. इथे घरोघर बिडी वळतात, मजुरी आठवड्याला हातात येते. शंभर रुपये बाई स्वतःच्या हाताने देऊ शकते. बाराशे म्हटले की ते घरच्या मालकाकडे मागावे लागतात, मग ते कांदा विकल्यावर, मग कधीच नाही. ग्रामपंचायतीची मागणी आजवर मार्चअखेर एकदम काढली जायची. वसुली का होत नव्हती, त्याचं अर्धं उत्तर या मावश्यांनी दोन वाक्यांत दिलं.

उरलेलं अर्धं उंचवट्यावरच्या वस्तीने दिलं. तिथे तीस घरं. नळ आहेत, पण खालच्या गल्ल्यांनी तोट्या सोडल्या की वर धार येत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच: आधी पाणी, मग पट्टी. तात्या शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली.

ठरावात अट घातली: वरच्या वस्तीला स्वतंत्र व्हॉल्व्ह, त्यांची पाळी पहिली, आणि तिथल्या शेवटच्या तोटीला सलग महिनाभर रोज पाणी आल्याशिवाय त्या तीस घरांना नवी पट्टी लागू नाही. तोवर जुनीच. कर्जाच्या प्रस्तावाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. हात वर करणाऱ्यांत डिसेंबरात उठून गेलेल्यांपैकी काही जण होते.

९ फेब्रुवारी २०२५

कागद: ग्रामसभेचा ठराव, मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मागच्या वर्षांचे जमाखर्च, लेखापरीक्षणाचे अहवाल, निधीचं अंशदान भरल्याच्या पावत्या, कर मागणीचा नमुना ९ चा उतारा. प्रस्ताव पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागात.

नमुना ९ मध्ये जुन्या थकबाकीची नावं बघताना जाणवलं, त्यात गावातली मोठी घरं आहेत. पन्नास घरं वाढवायची ती गरिबांकडूनच, असं होता कामा नये. सरपंचताईंनी पहिली भेट त्या मोठ्या घरांना द्यायचं ठरवलं आहे. कलम १२९ प्रमाणे नोटीस आणि पुढची वसुली करता येते, पण आधी घरी जाऊन बोलायचं.

२३ फेब्रुवारी २०२५

समितीतले काही जण घेऊन ओझरला गेलो. शेतीच्या पाण्याचं काम आणि नळाचं काम वेगळं, तरी बघावं असं तिथे बरंच आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण. त्याच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे ओझरकडे, पाणी पोचत नव्हतं. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, त्या टोकाच्याच शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्ख्या प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था. राज्याचा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला तो २००५ मध्ये, म्हणजे हे काम कायद्याच्या आधीचं.

मला तिथलं एक तत्त्व फार मोलाचं वाटलं. संस्था पाणी घनमापाने, मोजून घेते. किती घेतलं ते माहीत, म्हणून कोणाकडे किती येणं ते माहीत. आमच्याकडच्या जुन्या उपसा संस्थेत मोजमाप नव्हतं. होता फक्त एकरांचा हिशोब, पाणी येवो न येवो. आणि ओझरला सुरुवात टोकापासून झाली. पाणी टोकाला पोचलं की मधल्यांना आपोआप मिळालेलं असतं. वरच्यापासून सुरुवात केली तर टोकाची पाळी येईपर्यंत उत्साहही संपतो आणि पाणीही.

परतताना गाडीत ठरलं: दोन मीटर, एक विहिरीवर, एक टाकीवर, आणि रोजचे दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

१६ मार्च २०२५

ओढ्याखालचा पाइप बदलला. विहिरीवर ताशी १५,०००, टाकीवर १४,७००. तिथली हिरवळ आता वाळेल, म्हशीवाल्यांनी तक्रार केली, पण हसत केली.

६ एप्रिल २०२५

कांद्याच्या निर्यातीवरचं वीस टक्के शुल्क १ तारखेपासून उठलं. उन्हाळ कांदा काढणीला आलाय. मोठ्या थकबाकीदारांपैकी निम्म्यांनी सरपंचताईंना शब्द दिला होता की पहिली गाडी गेली की भरतो. काहींनी पाळला. बाजारभाव मनासारखा नाही, त्यामुळे उरलेल्यांवर आत्ता जोर लावण्यात अर्थ नाही.

महिन्याची शंभराची वसुली बचत गटाच्या बायकांकडे दिली आहे. गल्लीनिहाय, नमुना १० ची पावती जागेवर. वरची वस्ती सोडून भरणारी घरं १७८ झाली.

१ मे २०२५

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. विहिरीपासून तीनशे मीटरवर एका शेतकऱ्याने बोअर घ्यायचं ठरवलं होतं, त्यावरच सभेचा बराच वेळ गेला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला राज्याच्या भूजल कायद्याने १९९३ पासून बंधन आहे. त्यांना ते माहीत नव्हतं आणि त्यांची डाळिंबाची बाग खरंच वाळत होती. नुसता कायदा वाचून दाखवणं बरं दिसलं नसतं. शेवटी त्यांच्या भावाच्या वावरात, अंतराच्या बाहेर, जागा बघायची आणि तोवर बागेला शेततळ्यातलं पाणी शेजाऱ्याने द्यायचं, असं ठरलं.

कर्जासाठी हे किती महत्त्वाचं आहे ते बँकेच्या भाषेत कधी येत नाही. दहा वर्षांचे हप्ते ज्या पाण्यावर फिटणार, ते पाणी दहा वर्षं विहिरीत राहिलं पाहिजे. सूर्यावरचा पंप चालवायला पैसे पडत नाहीत, म्हणून तो हवा तितका वेळ चालवायचा मोहही होतो. ठरावात लिहिलं: टाकी भरली की पंप बंद, जास्तीचं पाणी कोणाच्याही शेताला नाही, सरपंचाच्याही नाही. सरपंचताईंनीच हे शेवटचे शब्द घालायला लावले.

२५ मे २०२५

मे महिन्यातच पावसाळ्यासारखा पाऊस. काढून ठेवलेला कांदा भिजला, सडला. जिल्ह्यात सगळीकडे तीच रड. या महिन्याची पट्टी मागायला बायका गेल्या नाहीत. योग्य केलं.

२२ जून २०२५

कर्ज मंजूर झालं. चार लाख, दहा वार्षिक हप्ते. करारनामा झाला. समितीने स्वतंत्र बचत खातं उघडलं: पाणीपट्टी थेट याच खात्यात, त्यातून दर महिन्याला पाच हजार हप्त्यासाठी बाजूला. वर्षाच्या शेवटी साठ हजार शोधत फिरायची वेळ येऊ नये म्हणून.

कराराची प्रत फळ्याशेजारी लावली. कर्जदार म्हणून ग्रामपंचायतीचं नाव आहे, खाली सही-शिक्का. तात्यांच्या नातवाने त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवली.

२४ ऑगस्ट २०२५

संच बसला. विहिरीशेजारच्या गावठाणाच्या तुकड्यावर लोखंडी सांगाडा, जमिनीपासून उंच, म्हणजे खाली गवत कापता येतं आणि गुरं पॅनेलला अंग घासत नाहीत. पुरवठादाराने पाच वर्षं देखभालीचं लिहून दिलं आहे. ते अंदाजपत्रकातच घातलेलं होतं. हे आधी न घालणाऱ्या गावांत पहिल्या बिघाडाला संच बंद पडलेले आम्ही पाहिले आहेत. विजेची जोडणी काढलेली नाही. ढगाळ दिवशी तीच आधार.

५ ऑक्टोबर २०२५

सप्टेंबरने परीक्षा घेतली. महिन्याचा शेवट सगळा पावसाचा, सूर्य दिसेना. तीस दिवसांतले बारा दिवस पंप विजेवर चालवावा लागला. तरी बिल तीन हजारांच्या खाली आलं. वर्षाच्या सरासरीला साठ टक्के बचत धरली आहे, आणि सगळ्यात वाईट महिना याहून खाली जाईल असं वाटत नाही.

पाणी रोज येतंय. दिवसा उन्हात टाकी भरते, सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडतो. पूर्वी वीज रात्री असेल तर रात्री पाणी, असं होतं. मावश्या सांगतात, सकाळची घाई गेली त्याहून रात्रीची जागरणं गेली ते मोठं.

भरणारी घरं १९६.

३० नोव्हेंबर २०२५

वरच्या वस्तीची वही आज तपासली. शेवटच्या घरातली ताई रोज सकाळी स्वतः खूण करते: पाणी आलं की बरोबर, नाही आलं की फुली, आणि बादली भरायला किती वेळ लागला ते. ऑक्टोबरात फुल्या सहा होत्या. तीन वेळा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस उशिरा आला, उरलेल्या तीन वेळा खालच्या गल्लीतल्या एकाने तोटीला मोटर लावली होती. मोटर जप्त केली, एक महिन्याची जादा पट्टी घेऊन परत दिली. नोव्हेंबरात एकही फुली नाही.

ठरावाप्रमाणे त्या तीस घरांना १ डिसेंबरपासून शंभर रुपये पट्टी लागू. घोषणा करायला सरपंचताई स्वतः वर गेल्या. दोन घरं विधवा बायांची आहेत, त्यांची पट्टी बचत गट भरणार आहे. तसा त्यांनी आधीच ठराव केला होता. बाकीच्यांपैकी अकरा जणांनी डिसेंबरचे पैसे जागेवर दिले.

हप्त्याच्या खात्यात जुलैपासून दर महिन्याचे पाच हजार जमले, पंचवीस हजार. पहिला हप्ता पुढच्या जूनमध्ये. जानेवारीत टाकी धुवायची आहे, आणि विहिरीवरच्या मीटरचं काचेचं झाकण तडकलंय, ते बदलायचं आहे.